आजोबांचा पखवाज आणि पौषवारीचे चार दिवस

आजोबा ९३व्या वर्षी गेले. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे अस्थी तिसऱ्याच दिवशी गावच्या घाटावर प्रवरेत सोडल्या. "प्रवरा टोक्याला जाऊन गोदावरीलाच मिळती, मग नाशकापर्यंत गाडीभाडं कशाला," हा त्यांचा हिशेब. वर्षश्राद्ध उरकलं तरी दोन कामं मागे राहिली होती. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांची नोंद घालायची होती, आणि त्यांचा पखवाज त्र्यंबकेश्वरच्या पौषवारीत एखाद्या दिंडीच्या हवाली करायचा होता. काका, आत्या धरून पाच जण निघालो.

अकोले तालुक्यातलं गाव, तीन एकर जमीन, टपाल पोचवायची नोकरी, पाच मुलं, गळ्यात माळ. एवढ्यात आजोबांची ओळख संपली असती, पण पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांना ते पखवाज नीट करून देणारे म्हणून माहीत होते. साठेक वर्षं हे काम चाललं. त्याची एक शंभरपानी वही आहे. तारीख, गाव, काय केलं, पैसे असे चार रकाने स्केलनं आखलेले. पहिले तीन भरलेले, चौथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा. रकाना आखायचा मात्र कधी चुकले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी तिथीचं आधी सांगतो. संत निवृत्तिनाथांची त्र्यंबकची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते, बहुतेक जानेवारीत. उत्तरेकडच्या पंचांगांत आणि मोबाइलवरच्या बऱ्याच कॅलेंडरांत हीच एकादशी "माघ कृष्ण" म्हणून दिसते. त्यांत "पौष कृष्ण" शोधून निघालात तर महिनाभर आधीच पोचाल. मराठी पंचांगच बघा.

दिवस पहिला, नवमी: नाशिक

पहाटे पाचला निघून संगमनेर, सिन्नर करत आठच्या सुमारास नाशिक. सिन्नरच्या पुढे रस्त्याच्या कडेनं दिंड्या लागल्या. पुढे पताका, मग टाळकरी, मागे तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया आणि सगळ्यात शेवटी सामानाचा ट्रक, त्यावर वाळत घातलेली धोतरं. पौषातली थंडी, त्यामुळे कानटोप्या आणि मफलरी एवढ्या की चेहरा ओळखू येईना.

रामकुंडावर सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. दहानंतर दशक्रियेच्या आणि श्राद्धाच्या मंडळींची गर्दी होते. पायऱ्यांवर पाण्यालगत शेवाळ असतं. चप्पल काढल्यावर पाय घसरतो तो शेवटच्या दोन पायऱ्यांवर, तिथे साखळी धरूनच उतरायचं. वरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर म्हाताऱ्या माणसांना कुंडात उतरवू नका, तांब्यानं अंगावर पाणी घेतलं तरी चालतं. जवळच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पुराचं पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पुराचं माप सांगतात, गुडघे, कंबर, छाती. जानेवारीत त्याचे पाय कोरडे होते आणि पायाशी एक बाई गाजरं धूत होती.

तीर्थश्राद्ध अर्ध्या तासात झालं. तीळ, दर्भ, पिंडाचं पीठ असं सगळं साहित्य गुरुजींकडेच असतं. दक्षिणा आणि साहित्य मिळून किती, हे बसण्याआधी विचारून घ्यावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, गुरुजीही मोकळेपणानं सांगतात.

खरं काम वहीचं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. कुठल्या तालुक्याचं कुठलं गाव कुणाकडे हे ठरलेलं असतं. घाटावर गावाचं नाव सांगितलं की कुणीतरी बरोबर घरापर्यंत नेऊन सोडतं. शोध लवकर लागावा म्हणून घरून निघतानाच एका कागदावर लिहून न्यायचं ते असं: मूळ गाव (आता राहता ते नव्हे), जुना तालुका-जिल्हा, आडनाव आणि बदललं असेल तर आधीचं आडनाव, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या भावांची नावं. भावांची नावं विशेष महत्त्वाची, कारण आपल्या थेट घरातलं कुणी आलं नसलं तरी चुलत घरातलं कुणीतरी आलेलं असतं आणि तिथून धागा सापडतो. आमच्यासारखे अकोल्याचे असाल तर "अकोले, जिल्हा नगर" असं म्हणा. नुसतं अकोला म्हटलं तर विदर्भाच्या वह्या निघतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण वह्या जुन्या आहेत.

गुरुजींनी लाल खारव्याचं बासन सोडलं. लांबट वही, कडा बोटांनी काळ्या झालेल्या, आधीची पानं मोडीत आणि पुढची बाळबोधीत. मोडी पानांवर पणजोबांच्या वडिलांचं नाव आहे असं गुरुजींनी वाचून दाखवलं. मग आजोबांचं अक्षर आलं. टपालाच्या नोकरीत पत्ते लिहून लिहून घोटलेलं, शिरोरेघ न तुटणारं. १९६१ साली ते पणजोबांच्या अस्थी घेऊन आले होते, १९९८ साली आजीच्या. या दोन नोंदी असणार हे काकांना माहीत होतं. मधली तिसरी कुणालाच माहीत नव्हती.

ती होती ९ मे १९७३ची. गुरुजींनी बोट ठेवून विचारलं, "हे तुमच्यातले कोण?"

काका वाकून बघत राहिले. "आमच्यातले नाहीत, गुरुजी. आडनावच वेगळं आहे. गावातही हे आडनाव नाही."

खाली आजोबांनीच लिहिलं होतं: दुष्काळी कामावर खडी फोडताना वारला. गाव सांगितले नाही. मागे कोणी नाही, सबब अस्थी मी आणल्या. सही, हुद्दा, गाव. वरच्या-खालच्या प्रत्येक नोंदीत नावापुढे जात लिहिलेली होती. या नोंदीत त्या जागी एक आडवी रेघ होती.

१९७२चा दुष्काळ नगर-नाशिकच्या पट्ट्यात ज्यांनी पाहिला त्यांना खडी केंद्रं सांगावी लागत नाहीत. बायामाणसं दिवसभर दगड फोडायची, हप्त्याला मजुरी मिळायची, खायला सुकडी आणि मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी. अकोल्याहून नाशिक त्या काळी एसटीनं पाच-सहा तास. स्वतःच्या अस्थींसाठी ज्यांना नाशिकचं भाडं जड वाटलं, त्यांनी हा खर्च केला आणि घरी चकार शब्द काढला नाही. आत्या एवढंच म्हणाली, "त्या साली मला फ्रॉक नव्हता घेतला. आता कळलं." आणि हसली.

नवी नोंद काकांनी लिहिली. नोंद लिहिताना घ्यायची काळजी: बॉलपेनापेक्षा शाईचं पेन वापरा, तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही घाला, मुलांबरोबर मुलींची, सुनांची, नातवंडांची नावं घाला आणि प्रत्येकाचं सध्याचं गाव लिहा. जुन्या नोंदींत मुली बहुधा नसतात. काकांची सही झाल्यावर गुरुजींनी स्वतःहूनच वही आत्याकडे सरकवली. पानाचा फोटो काढायचा तर आधी विचारावं. आम्हाला आमच्या घराण्यापुरता काढू दिला, शेजारचं पान त्यांनी हातानं झाकून धरलं.

दुपारी काळाराम मंदिरात गेलो. अठराव्या शतकाच्या अखेरीला सरदार ओढेकरांनी बांधलेलं, काळ्या पाषाणाचं. याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला. दार तेव्हा उघडलं नाही. सकाळची ती आडवी रेघ डोळ्यांपुढे असताना त्या दारातून आत जाणं जरा वेगळं वाटतं, एवढंच लिहितो.

जेवणाचं विचाराल तर नाशिकला सकाळी मिसळ खाऊन घ्यावी, काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही. पुढचे दोन दिवस कांदा-लसूण मिळणार नाही. मुक्कामाला धर्मशाळा. यात्रेच्या दिवसांत आधार कार्ड, स्वतःचं अंथरूण-पांघरूण आणि कुलूप जवळ हवंच. उशाला वीट मिळते असं जुने लोक चेष्टेनं म्हणतात, ते फार खोटं नाही.

दिवस दुसरा, दशमी: त्र्यंबकेश्वर

नाशिकहून त्र्यंबक अठ्ठावीस-तीस किलोमीटर. एरवी पाऊण तास, दशमीला दोन तास धरा. खासगी गाड्या गावाबाहेरच अडवतात, तिथून दोनेक किलोमीटर चालत. आम्ही "सामान जास्त आहे" म्हणून पुढे रेटायला गेलो आणि अर्धा तास वळून परत यायला लागला. त्यापेक्षा गाडी नाशिकलाच ठेवून एसटीच्या जादा गाडीनं यावं. ती आत जवळ सोडते.

पखवाज खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर जायचं तर तो कसा न्यायचा हे माहीत हवं. गोधडीत गुंडाळायचा, दोन्ही पुड्यांवर, म्हणजे तोंडांवरच्या कातड्यांवर, पुठ्ठ्याची चकती घालायची आणि आडवा धरायचा. एका पुडीवर उभा टेकवला की वजनानं गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची कातड्याची वीण, सरकतो. गाडीत काचेजवळ उन्हात ठेवला तर कोरड्या थंडीत आधीच ताणलेलं कातडं चढतं आणि किनारीपाशी तडकतं. लांबच्या प्रवासाआधी गट्टे, म्हणजे पुड्या ताणणाऱ्या चामडी वादीखालचे लाकडी ठोकळे, थोडे मागे सारून ताण कमी करावा. आजोबांच्या वहीत "प्रवासात फुटली" असा शेरा तेरा ठिकाणी आहे, त्यातल्या नऊ जानेवारी ते मार्चमधल्या.

कुशावर्तावर हातपाय धुऊन त्र्यंबकेश्वराच्या रांगेत उभे राहिलो. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं हे मंदिर, कळसाखालच्या नक्षीवर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा बघावं. मंदिर पहाटे साडेपाचला उघडतं आणि पहिल्या तासात रांग सगळ्यात छोटी असते. दहाला आलात तर तीन-चार तास. रांगेत पाणी आणि म्हाताऱ्यांसाठी दुमडायचा स्टूल न्या. नारायण-नागबळी किंवा कालसर्पासाठी वाटेत विचारणारे भेटतात. आपल्याला करायचं नसेल तर "नोंद घालून आलोय" असं सांगावं, पुढे आग्रह होत नाही.

निवृत्तिनाथांची समाधी गावाच्या एका अंगाला, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही. परंपरेनं समाधीची तिथी शके १२१९, ज्येष्ठ वद्य द्वादशी सांगतात, म्हणजे ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतल्यानंतर काही महिन्यांनी. धाकटी भावंडं आधी गेली, थोरला शेवटी. समाधीपुढे वारकरी जरा जास्त वेळ थांबतात, ते त्यामुळेच असावं.

आता पखवाज कुणाला द्यायचा? आजोबांनी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, फक्त "पोरं असलेल्या दिंडीला द्या" म्हणाले होते. दुपारभर शाळांची पटांगणं, पडव्या, शेतातले मांडव फिरलो. संध्याकाळी हरिपाठाच्या आधी एका मांडवात तीन मुलं, पंधरा-सोळा वर्षांची, एका पखवाजावर वाकलेली दिसली. धूम फाटली होती. कारण बघताक्षणी कळलं. आदल्या रात्रीच्या कीर्तनानंतर कणीक तशीच ठेवून झोपले होते.

पखवाजाला दोन तोंडं. उजवीकडची लहान, तिच्यावर काळी शाई कायमची बसवलेली. डावीकडची मोठी, ती धूम. तिला वाजवायच्या आधी दर वेळी ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमारा येतो. कणीक रात्रभर राहिली की वाळून आकसते, खालचं कातडं ओढून धरते आणि कडेनं चीर पडते. वर मुंग्या लागतात, उंदीर तर पुडीसकट कुरतडतो. आजोबांच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शेरा हाच: "कणीक ठेवली."

काकांनी आजोबांचा पखवाज पुढे केला आणि आजोबांच्याच पद्धतीनं लावून दाखवला. ती पद्धत इथे देतो.

गव्हाची कणीक दोन पोळ्यांना लागते तेवढी. पाणी कमी, पोळीपेक्षा घट्ट. मीठ-तेल काही नाही, मिठानं कातडं ओल धरतं. दहा मिनिटं झाकून ठेवून पुन्हा मळायची, म्हणजे चिकटपणा येतो. धुमेच्या मध्यभागी बोटानं पाण्याचा हात फिरवायचा, नुसता ओलावा, थेंब नाही. कणकेचा गोळा मधोमध दाबून बाहेरच्या बाजूला पसरत न्यायचा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कड नखानं दाबून बसवायची, कारण सुटते ती कडेनंच. थाप मारून बघायची. आवाज खोकल्यासारखा कोरडा आला तर थोडी कणीक वाढवा, चिखलात पाय पडल्यासारखा दबका आला तर काढा. दोन तासांच्या कीर्तनात ती एकदा तरी वाळते, म्हणून ओल्या फडक्यात जास्तीचा गोळा जवळ ठेवायचा. वाजवून झालं की लगेच अंगठ्यानं खरवडून काढायची, सुरी लावायची नाही, मग ओलसर फडकं आणि त्यावर कोरडं.

शाईच्या बाजूचा स्वर आधी गट्ट्यांनी जमवायचा. गट्टे धुमेकडे सरकवले की वादी ताणते आणि स्वर चढतो. उरलेलं बारीक काम गजऱ्यावर. वरून खाली हातोडी मारली की चढतो, खालून वर मारली की उतरतो. मुलं ओळीनं शेजारशेजारची घरं, म्हणजे गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागा, ठोकत होती. काकांनी हात धरला. "समोरासमोरची. एक इकडचं, एक त्याच्या समोरचं. नाहीतर पुडी एका अंगाला ओढती आन्‌ मग दिवसभर ठोका."

हरिपाठाला तोच पखवाज वाजला. सर्वांत धाकट्या मुलाचा हात हलका होता, पण लय सोडत नव्हता. दिंडीच्या विणेकऱ्यांनी काकांना विचारलं, "माउली, देणगीची पावती कुणाच्या नावानं करू?" काका म्हणाले, "पावती नको. कणीक काढत जा म्हणावं पोरांना."

रात्री त्र्यंबकची थंडी चांगलीच झोंबते. तीन बाजूंनी डोंगर, मांडव उघडा, पहाटे पांघरुणावर दव. दोन घोंगड्या लागतात. पखवाजही पांघरुणात घेऊन झोपायचा. दवानं कातडं सैल पडतं आणि पहाटेच्या काकड्याला स्वर उतरलेला सापडतो.

दिवस तिसरा, एकादशी

चारला काकडा. समाधीच्या दर्शनाची रांग रात्रीपासूनच लागलेली असते. मुखदर्शनावर समाधान असेल तर पहाटे पाचच्या आत होतं. आत्याचं झालं, काकांना पाच तास लागले. दोघंही आपापल्या जागी खूश.

एकादशीचं खाणं म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ही वरई याच डोंगरपट्ट्यातली, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या उतारांवर पिकते. दिंडीच्या चुलीवर काहिलीत केलेली भगर घरच्यापेक्षा चांगली लागते, त्याचं कारण ती आधी कोरडी भाजून घेतात. एक माप भगरीला तीन मापं उकळतं पाणी आणि पाणी घातल्यावर मोठा जाळ नाही. किलोभर भगरीत बारा-पंधरा माणसं जेवतात. आमटीला भाजलेले दाणे सालं पाखडून पाण्याबरोबर वाटलेले, जिरं, हिरवी मिरची, आमसूल, गुळाचा खडा. दाणे कच्चे राहिले तर आमटी फुटते.

भगरीबाबत मात्र सावध राहा. उपवासाच्या दिवसांत भगरीच्या विषबाधेच्या बातम्या दरवर्षी येतात. दोष धान्याचा नसतो, साठवणीचा असतो. ओल लागलेल्या भगरीला बुरशी धरते, पीठ करून ठेवलं तर आणखी लवकर. सुटं पीठ घेऊ नका. बंद पाकिटावरची तारीख बघा, कुबट वास आला तर टाकून द्या, तीन-चार पाण्यांनी धुवा आणि सकाळी शिजवलेली रात्री खाऊ नका. उलटी, चक्कर, हातपाय थरथरणं असं काही झालं तर लिंबूपाणी देत न बसता दवाखाना गाठायचा. यात्रेत आरोग्य पथकं असतात.

रथाची मिरवणूक निघेपर्यंत वेळ होता म्हणून आम्ही तिघं गंगाद्वाराच्या पायऱ्या चढलो. सातशेच्या वर पायऱ्या, सावकाश गेलं तर पाऊण-एक तास. त्याहून वर ब्रह्मगिरीचा माथा, सुमारे १,३०० मीटर, त्याला वेगळी वाट आणि किमान अर्धा दिवस लागतो. यात्रेच्या गर्दीत म्हाताऱ्यांना घेऊन तो बेत करू नये. माकडं पिशवीवर झडप घालतात. पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी हातात धरली की संपलंच. काठी नुसती हातात असली तरी लांब राहतात.

गंगाद्वाराला गोमुखातून येणारी धार जानेवारीत करंगळीएवढी. जवळच गहिनीनाथांची गुहा सांगतात. आईवडिलांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, पळापळीत लहानगा निवृत्ती चुकून या गुहेत शिरला आणि तिथे त्याला गुरू भेटले, अशी कथा. आजोबा ती आम्हाला सांगायचे तेव्हा वाघावर फार वेळ घालवायचे, गुरूवर कमी.

संध्याकाळी रथ. फुलांनी मढवलेला, पुढे दिंड्यांचे फड, गल्ल्या अरुंद. रथ बघायला रस्त्यावर उभं राहू नका, कुणाच्या तरी ओसरीवर जागा मागा, त्र्यंबकचे लोक देतात. आमच्या समोरून ती तीन मुलांची दिंडी गेली. पखवाज पट्ट्यानं गळ्यात, वाजवणारा धाकटाच. काकांनी थाप ऐकून डोळे मिटले आणि म्हणाले, "जरा उतरलाय." दवात राहिला असणार.

दिवस चौथा, द्वादशी: घोटी, बारी, राजूर

सकाळी बारस सोडली. पुरणपोळी, दूध, भाताबरोबर आमटी, सगळं दिंडीच्याच पंगतीत. द्वादशीला अकरानंतर सगळ्या गाड्या एकदम नाशिककडे सुटतात. नगर जिल्ह्यात परतणाऱ्यांनी उलट्या बाजूनं पहिन्यावरून घोटी गाठावी. तीसेक किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा पण मोकळा. घोटीला भाताच्या गिरण्या आहेत. तिथे नवा इंद्रायणी घेता येतो, पण नवा तांदूळ चिकट होतो. रोजच्या भाताला वर्षभर जुना मागा, खिरीला आणि गुरगुट्या भाताला नवा.

घोटीहून बारी, कळसूबाईचा पायथा. पुढे भंडारदऱ्याचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लागत राहतं. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण प्रवरेवर आहे. म्हणजे चार दिवसांपूर्वी गोदावरीकाठून सुरू झालेलो आम्ही पुन्हा आजोबांच्या नदीवर आलो होतो. राजूरला पेढे घेतले. राजूरचा पेढा खरपूस, तपकिरी रंगाचा. दोन-तीन दिवसांवर ठेवायचा असेल तर डबा घट्ट लावू नका, घाम धरतो.

राजूरच्या अलीकडे एका वाडीवर थांबायचं होतं. आजोबांच्या माळ्यावर लोकांचे चार पखवाज राहून गेले होते, प्रत्येकाच्या वादीला सुतळीनं गावाचं नाव बांधलेलं. त्यातला एक या वाडीचा. तो गाडीत सीटखाली चार दिवस आमच्याबरोबर फिरला होता.

मालक ऐंशीच्या घरातले, ओट्यावर ऊन खात बसलेले. पखवाज मांडीवर घेतला, सुतळी सोडून खिशात टाकली. आधी धुमेवर थाप मारली, मग शाईवर. शाईवरून बोट फिरवताना एका जागी थांबले.

"शाईला भेग हाये अजून."

काकांनी वही उघडली. त्या नोंदीत लिहिलं होतं: धूम नवी, वादी बदलली, गट्टे दोन नवे. शाई बाकी. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळीचे थर, एकेक थर लावून दगडानं घोटून वाळवायचा, मग पुढचा. त्याला सलग दिवस आणि न थरथरणारा हात लागतो. तारीख बघितली तर आजोबा अंथरुणाला खिळायच्या आधीच्या पंधरवड्यातली.

म्हाताऱ्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ धरून वाचली. "बाकी लिव्हलंय व्हय," म्हणाले. "मंग ठीक हाये. संगमनेरला नेतो, तिथं एकजण भरतो शाई." चौथ्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं काय लिव्हायचं ऱ्हायलंय?"

"काही नाही, ते तसंच असतं."

ते आत गेले आणि पायलीभर तांदूळ घेऊन आले. काका नको नको म्हणत होते. आत्यानं पदर पुढे केला.